बेटाची फेरी

अल वक्रा, ऑगस्ट २००३

शफाची अम्मी, सलाम.

मी खुशाल आहे, जेवतोही पोटभर.

माझ्या खोलीतला हुसेन इंडोनेशियातल्या तेर्नाते बेटावरचा. तिथला डोंगर आग ओकू लागला की लोक दुआ करत होड्यांतून बेटाला फेरी घालतात. गेल्या महिन्यात डोंगर पेटला आणि त्याच्या घरी फोन लागेना. मग तो रोज असरच्या नमाजानंतर आमच्या इमारतीलाच फेरी घालू लागला.

अखेर फोन लागला. डोंगर निवला होता, पण त्याची आई तापाने गेली होती.

तरी तो फिरतोच. म्हटलं, "आता कशाला?"

"भाईजान, ती मागून येते. थांबलो तर एकटी पडेल."

काल मीही त्याच्याबरोबर चाललो. मागे पावलं वाजली. मी वळलो नाही, तू असशील अशी भीती वाटली.

तुझ्या छातीच्या दुखण्याला डॉक्टर काय म्हणाले? लपवू नकोस. स्वतःच्या हाताने लिही.

अल्लाह तुला सांभाळो.

तुझा
दाऊद