पाठमोरा माणूस आणि लाल पेन्सिल

होबार्ट, रविवार

तीर्थरूप मर्व्हकाका यांना ब्रॉनीचा नमस्कार. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरत असेल आणि तुम्ही त्याचं ऐकत नसाल, हे धरूनच चालते. कुत्री अजून मेंढ्या सोडून पोस्टमनलाच हाकते का? मी ठीक आहे. (म्हणजे जेवते. बाकीचं पुढे.)

चित्रं काढायला कॉलेज कशाला, पेन्सिल पुरे, असं तुम्ही म्हणाला होता. काका, इथे पेन्सिलीपेक्षा चिठ्ठ्याच जास्त लागतात. आपली चित्रं भिंतीवर लावायची, तोंडाला कुलूप लावून बाजूला उभं राहायचं आणि वर्गातल्या अकरा जणांनी चिठ्ठ्यांवर अभिप्राय लिहून खाली चिकटवायचे. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे मुलांसाठी बारा चित्रांचं पुस्तक: एक माणूस आपल्या डोव्हरहून बोट घेऊन क्रेफिश पकडायला जातो. गेल्या वर्षी यातच नापास झाले. यंदाही झाले तर नाव काढून टाकतील. म्हणून ठरवलं, कुणाचंच मन मोडायचं नाही. एक म्हणाला रंग भडक, फिके केले. दुसरी म्हणाली फिके, भडक केले. कुणाला पेंग्विन हवा होता, घातला. डेक्लनला (त्याला बोट लागते) समुद्र नको होता, काढला. पाच आठवड्यांनी माझ्याकडे कोरड्या जमिनीवर एक बोट आणि तिच्यात कंटाळलेला पेंग्विन उरला. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. माझ्या मनाने चिठ्ठीच लिहिली नव्हती.

आमच्या हलिनाबाई (हसल्या की जास्त भीती वाटते) भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगं, अभिप्राय म्हणजे काय वाणसामानाची यादी आहे, दिसेल ते पिशवीत भरायला? सारख्या चिठ्ठ्या एकत्र लाव. सगळ्यात मोठा ढीग होईल तेवढंच काम. बाकीचं विसर." मी लावल्या. पेंग्विनची एक, समुद्राची एक, रंगांच्या दोन आणि त्याही भांडणाऱ्या. ज्यांना मी पाच आठवडे हात लावला नव्हता त्या नऊ चिठ्ठ्या मात्र एकच सांगत होत्या: बाराही चित्रांत हा माणूस पाठमोरा आहे. डेक्लनने तर तोंडावर विचारलं, "काय गं, तुझ्या माणसाची मान आखडलीय का?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन वीस मिनिटं रडले.

मला बाबांची पाठच आठवते, काका. धक्क्यावरून बोटीकडे चाललेला पिवळा रेनकोट. चार वर्षांची होते. घरातले फोटो त्यांनीच काढलेले, त्यामुळे सगळ्यांत आम्ही आहोत, ते एकातही नाहीत. लग्नाचा एकच होता. समुद्राने बाबांना परत दिलं नाही तेव्हा आईने शवपेटीत त्यांचा चांगला कोट ठेवला आणि कोटाच्या खिशात तो फोटो. आईला चेहरा विचारला तर "देखणे होते" एवढंच म्हणते. देखणं काढता येत नाही. चौदा तारखेला पुस्तक द्यायचं आहे आणि माझ्या माणसाला तोंड नाही.

असो. कोंबड्यांना माझा नमस्कार, तुम्हाला त्याहून मोठा.

तुमची पुतणी,
ब्रॉनी

ता. क. काम काही नाही, सहज लिहिलं. गुडघा शेकत जा.

ता. क. दुसरा. सहज लिहिलेलं नाही. सतरा वर्षं बाबांचा विषय निघाला की तुम्ही खुराडं बघायला उठता. त्या बोटीवर तुम्हीही होता आणि परत आलात. (बरं झालं आलात. हे तुम्हाला कुणी म्हटलं नसेल तर मी म्हणते.) काही बोलू नका. सोबत एक चित्र आहे: बाबा तुमचे धाकटे भाऊ, म्हणून तुमचाच चेहरा, पंचवीस वर्षांनी तरुण केलेला. त्यावर पारदर्शक कागद लावलाय, लाल पेन्सिल ठेवलीय. जिथे जिथे ते बाबा नाहीत, तिथे कागदावर खूण करा. आमच्याकडे चित्रं अशीच तपासतात.

ता. क. शेवटचा. सगळं बरोबर असेल तर कागद कोराच येईल. न बघता परत पाठवलात तरी कोराच येईल, आणि मला फरक कळणार नाही. म्हणून काका, बघितलंत तर कोपऱ्यात एक ठिपका द्या.