चौथं कलम

ल्यूकन, डब्लिन
२ डिसेंबर २०२५

ती. विजूताईस, गिरिजाचा सा. न. वि. वि.

निमिषकडे येऊन महिना झाला. इथे चारलाच अंधारून येतं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. नातीला मराठी सगळं कळतं, पण काहीही विचारा, उत्तर एकच, ‘ग्रँड’, म्हणजे इथल्या बोलीत ‘छान’.

सूनबाईंनी, म्हणजे सानिकाने, वरची खोली युक्रेनच्या लारिसाला दिली आहे. तिचा नवरा लढाईत पकडला गेला, तेव्हापासून खबर नाही. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी भर युद्धात कायमच्या शांततेची दहा कलमं मांडली. त्यातलं चौथं सगळ्या कैद्यांना सोडण्याचं. ही बाई कणीक मळतानाही तेच घोकते. कलमं मांडून तीन वर्षं झाली, अजून नुसत्या बैठकाच चालल्या आहेत.

परवा तिला धीर यावा म्हणून मी भाऊजींचं सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत ते बेपत्ता झाले, पुढच्या वर्षी करार झाला, कैदी परत आले. एवढ्यावरच ती इतकी हरखली, की त्यांत भाऊजी नव्हते हे माझ्या तोंडून निघेना. आता तिला तुम्हा दोघांशी व्हिडिओवर बोलायचंय. काय करू, तूच सांग.

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी
गिरिजा

सातारा
२० डिसेंबर २०२५

चि. गिरिजास, अ. उ. आ.

तू लहानपणापासून अशीच. सुरुवात तू करायचीस आणि निस्तरायचं आम्ही. रागावले नाही, तेवढा दम राहिला नाही आता.

तिला खरं ते सांग. तो करार मीही पाठ केला होता. कैदी आले, शेजारच्या गावचा एक मुलगा आला, हे आले नाहीत. कलमात कैदी असतात गं, आपलं माणूस नसतं. पण पुष्कळजण खरोखर परत आले, हेही तिला सांग.

गुडघे दुखतातच. तू कानाला रुमाल बांधत जा.

आशीर्वाद आहेतच.

ताई

ल्यूकन
११ जानेवारी २०२६

ती. ताईस सा. न.

सांगितलं. दोन दिवस ती जेवायला खाली आली नाही. मला फार वाईट वाटलं. सानिकाही माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

आज लारिसा आपण होऊन मला तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली. तिथे प्रार्थनेसाठी चिठ्ठीवर नावं देतात, जिवंतांची वेगळी आणि गेलेल्यांची वेगळी. नवऱ्याचं नाव तिने जिवंतांत लिहिलं. मग भाऊजींचं नाव विचारलं, आणि ते कुठल्या चिठ्ठीत लिहू, असंही विचारलं. ताई, ते मी कसं ठरवणार? तुला विचारते म्हटलं. ती म्हणाली, थांबेन, मला सवय आहे.

चुकलं असेल तर पोटात घाल.

गिरिजा

सातारा
२ फेब्रुवारी २०२६

चि. गिरिजास आशीर्वाद.

चौपन्न वर्षांत सरकारची पत्रं आली, नातेवाइकांचे सल्ले आले. यांना कुठे ठेवायचं, असं मला कुणी विचारलंच नाही. तुझं पत्र वाचून पोटभर रडले.

मी थकले गं. गेलेल्यांत लिहायला सांग. मोहन, एवढंच. कुंकवाचं माझं मी बघेन.

लारिसाच्या नवऱ्याचं नाव मात्र आहे तिथेच राहू दे. कुणी काहीही म्हणो, तिने ते हलवायचं नाही.

ताई