तीन दिवसांत गाडी

२ जून
आजपासून रोज लिहिणार. पुढे कुणी कंपनीचा इतिहास लिहील, त्याची सोय. ऑर्डर आली की तीन दिवसांत गाडी! डिझाइन माझं. रंग छत्तीस, छपरं चार, वायरिंगचे प्रकार नव्वद.

३ जून
असेंब्लीचा मगारा-सान आला. म्हणे सांगाडा एकच ठेवा, वायरिंग एकच, रंगीत प्लास्टिकचे भाग शेवटी स्क्रूने बसवू. दोन दिवसांतसुद्धा देतो. स्क्रूने! रोज डब्यात भात आणि खारवलेलं आलुबुखार आणणारा माणूस. याला सौंदर्य काय कळणार? "विचार करतो," म्हणालो. आमच्याकडे याचा अर्थ 'नाही'. वाकून निघून गेला.

७ जून
पहिली ऑर्डर. उकाईबाई, दातांच्या डॉक्टर. गाडी १२ तारखेलाच हवी. त्या दिवशी तैआन, शुभ दिवस. पुढचा थेट १८ला. संचालकांना शब्द दिला. मगारा म्हणे, जमलं नाही तर खिडकीजवळ बसायची तयारी आहे ना? तिथे कामावरून बाजूला सारलेले कुरोयानागी-सान बसतात. काम नाही, फोन नाही; पेपर आणि एक कुंडी. कीव येते.

९ जून
बाईंनी काचेचं छप्पर निवडलं. म्हणून सांगाडा वेगळा, म्हणून साचे बदलायचे. त्यातच दिवस गेला. साचेवाले आळशी.

१० जून
रंग वांगी. एका गाडीसाठी पेंटवाल्यांना सगळ्या नळ्या धुवाव्या लागल्या. कुरकुर किती! दुपारी बाईंचा फोन: वांगी नको, पांढरा बरा. पुन्हा नळ्या. मगारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की माझ्या पद्धतीत हे चार स्क्रूंचं काम होतं. असभ्य.

१२ जून
बाई किमोनो नेसून आल्या. गाडी तयार, फक्त वायरिंग सोडून. त्र्याहत्तर नंबरचं आलंच नाही. उद्या देतो म्हटलं. बाई वाकून म्हणाल्या, की उद्याचा दिवस चांगला नाही हो, १८ला येते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घटकाभरच.

१५ जून
संचालकांकडे आणखी एक संधी मागितली. हसून म्हणाले, "विचार करतो." म्हणजे काम झालं!

१८ जून
बाई पांढरी गाडी घेऊन गेल्या. मगाराची. दोन दिवसांत बनवली म्हणे. माझ्या गाडीचं वायरिंग अजून यायचंय. स्क्रू दिसतात. (जवळ जाऊन पाहिलं. दिसत नाहीत.)

२० जून
नवी जागा मिळाली. उजेड भरपूर. कुरोयानागी-सान जरा सरकले, म्हणाले, कुंडीला सोमवार-गुरुवार पाणी मी घालतो, बाकीचे दिवस तुम्ही.