चालणारे हे, बसणारी मी

मंगळवार, ४ मार्च

आधी ती आकडे मांडणारी चष्मेवाली आली, मागून धापा टाकत दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. माणसांना चालायला लावतात आणि आमचे दोन जिने चढताना हिचाच भाता होतो! पाणी दिलं, हसू गिळलं.

पासष्टीपुढच्या माणसांचा दम रोज चालल्याने कमी होतो का, ते ह्या दोघी बघतायत. निम्म्यांनी चालायचं, निम्म्यांनी नेहमीसारखं राहायचं. कोणी काय करायचं ते कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकून ठरवलं. त्या मेल्याची अक्कल बघा — चालणं आलं आमच्या ह्यांच्या वाट्याला आणि मला म्हणे, आहात तशाच राहा! ह्यांना खुर्चीतून उठवायचं तर घरी भूकंप व्हायला हवा. आणि मला तशाच राहा म्हटल्यापासून माझेच पाय शिवशिवतात. रोज संध्याकाळी तळ्यापर्यंत जाऊन येते. सोबतीला पलीकडची शिंपीण. तिचं सुनेचं गाऱ्हाणं संपेपर्यंत तळं येतंही आणि जातंही.

ह्यांना मनगटावर बांधायला पावलं मोजायचा पट्टा दिलाय. डॉक्टरीणबाईंनी तो फोनला जोडून बघितला आणि हरखल्याच. सगळ्यांत जास्त आजोबाच चालतात म्हणाल्या! ह्यांनी मान खाली घातली. वाटावं, काय विनय माणसाचा! पट्टा फिरतो माझ्या हातावर. "तू जातेसच, त्यालाही फिरवून आण," म्हणतात. जसं काही कुत्रंच पाळलंय.

बुधवार, ५ मार्च

अजून हसतेय. सूनबाईला सांगितलं नाही. तिच्या पोटात तीळ भिजत नाही.

सोमवार, १० मार्च

आज दवाखान्यात तपासणी. लांबलचक व्हरांड्यात ह्यांना चालवलं. भिंतीला हात लावून लावून निघाले, अर्ध्यावर थांबले ते थांबलेच. छाती नुसती वरखाली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. एवढं चालून हा दम, म्हणजे हृदयातच काहीतरी असणार. चालणं बंद करा, नळी घालून आत बघावं लागेल, म्हणाल्या.

माझं हसू तिथेच जिरलं. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे छताकडे बघतायत. खोटं चालून खरी नळी घालून घ्यायला निघाले होते!

मी म्हटलं, "बाई, नळी नका घालू. हे चाललेच नाहीत. पट्टा माझ्या हातावर होता."

डॉक्टरीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. चष्मेवाली इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ही हिशेब करणारी. हिचं काय जातंय हसायला! नळीचं तूर्तास थांबलं.

मग मी म्हटलं, आता मला चालणाऱ्यांत घाला आणि ह्यांना बसणाऱ्यांत. तर चष्मेवाली म्हणे, नाही, चिठ्ठीने जिथे टाकलं तिथेच मोजायचं. घ्या! म्हणजे बाई भांडून माहेरी बसली तरी मोजायची सासरचीच! मी तसं बोलूनही दाखवलं. ती रागावली नाही. म्हणाली, "आजी, चालले ते वेगळे काढले तर धडधाकट तेवढेच तिकडे जमतील. मग गुण चालण्याचा की मुळातल्या तब्येतीचा, कसं कळणार?"

हे मात्र पटलं. आमची शिंपीण घोड्यासारखी आहे. तिला वर्षभर गादीवर लोळवली तरी दम लागायचा नाही.

पण मग ह्यांच्यासारख्या खुर्चीबहाद्दरांमुळे चालण्याचं नाव बद्दू होईल त्याचं काय? तर म्हणे त्यालाही वाट आहे. काही माणसं तुमच्यासारखी, बसा म्हटलं तरी चालणारी. काही आजोबांसारखी, काही केल्या न चालणारी. राहिली ती सांगितलं म्हणून चालणारी. दोन्ही गटांतला फरक त्यांच्यामुळेच पडतो असं धरायचं आणि त्यांना किती गुण आला ते काढायचं. कोणाला इकडचं तिकडे उचलायचं नाही. मी विचारलं, ही तिसरी माणसं कोण ते दाखवशील का? म्हणे, किती ते साधारण सांगता येतं, कोण ते नेमकं नाही सांगता येत.

कसं येणार सांगता! सांगितलेलं ऐकणारा माणूस मी तरी अख्ख्या संसारात पाहिला नाही.

हे का चालत नाहीत तेवढं तिला समजून घ्यायचंय. मी म्हटलं, त्यात काय समजायचंय, आळस. तिने ते मानलं नाही. आजोबांनाच विचारू म्हणाली, आम्ही गुरुवारी घरी येतो.

मंगळवार, ११ मार्च

दिवसभर टोमणे मारले. राजाधिराज म्हटलं, गादीचे वारस म्हटलं. हे हूं की चूं करत नाहीत. एरवी एकाला दोन परत करतात. मजाच गेली.

बुधवार, १२ मार्च

तळ्यावरून लवकर परतले. हे जिन्यात, वरच्या पायरीवर बसलेले, दोन्ही हातांनी कठडा धरून. कुठे निघालात, विचारलं. म्हणाले, "पायरी कुठे संपते ते दिसत नाही गं. बरेच दिवस झाले. पडलो तर तू एकटी उचलणार कशी?"

मीही शेजारी बसले.

उद्या गुरुवार. त्या दोघी येणार म्हणाल्यात.