माहितीपत्रक, नर्सबाई आणि कमरेइतकं पाणी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे जिने चढू देतात का? चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला असेल तर हे पत्र उजेडात धरून वाच, कारण ते लांबणार आहे. मी मजेत आहे; उजव्या पायाचा अंगठा तेवढा मजेत नाही, त्याची हकीकत खाली आहे.

आमच्या गावात जस्ताची खाण, एक रस्ता, चारशे बारा माणसं आणि समोर तळं. तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि बाहेर जायला आठवड्यातून दोनदा येणारी लाँच हाच मार्ग. (ती वेळेवर आली तर लोक घड्याळं तपासतात.) दवाखान्यात नर्स हजर नसेल तर खाणीत कुणी उतरायचं नाही, असा नियम आहे, आणि आधीच्या नर्सबाई लग्न होऊन गेल्या. एकोणीस दिवस खाण बंद. महिनाभरात नर्स मिळाली नाही तर कंपनी यंत्रं उचलून दुसरीकडे नेणार, असं मॅनेजरांनी सांगितलं, आणि नर्स मिळवण्यासाठी गावाचं माहितीपत्रक लिहायचं काम मला दिलं. मी हजेरी कारकून. माझं अक्षर चांगलं आहे, एवढाच माझा गुन्हा.

मी जे दिसलं ते लिहिलं. मॅनेजरांनी ते 'जरा हसतं' करून घेतलं. चार खाटांच्या दवाखान्याचं झालं 'सुसज्ज रुग्णालय', मेसमधल्या कॅरमचं (राणी हरवलेली, तिच्या जागी शर्टाचं बटण) 'समृद्ध सांस्कृतिक जीवन', आणि फोरमनच्या डुगडुगत्या होडीचं 'नौकाविहार'. पत्रक गेलं आणि, आत्या, नर्सबाई खरंच आल्या. चाळिशीच्या, ताठ, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात आमचं पत्रक आणि कानावर लाल पेन्सिल. 'हे कुणी लिहिलं?' त्यांनी विचारलं. धक्क्यावर अख्खं गाव उभं होतं. अख्ख्या गावाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मग त्या एकेक ओळ तपासत निघाल्या आणि मी मागून. रुग्णालयात दोन खाटांवर स्टोअरकीपरने रंगाचे डबे रचले होते, लाल फुली. 'शांत परिसर' वाचत असतानाच गावामागच्या दगडाच्या खाणीत (ती बंद नव्हती) दुपारचा सुरुंग उडाला आणि खिडकीची काच माझ्या पायाशी आली, दुसरी फुली. नौकाविहाराची ओळ आली तेव्हा मी म्हटलं, आज वारा आहे. त्या जाऊन होडीत बसल्या. मी वल्हवायला लागलो. (तुला ठाऊक आहे, मला पोहता येत नाही. फोरमनला ठाऊक होतं की होडीला भोक आहे. आम्ही एकमेकांना काही सांगितलं नव्हतं.) काठापासून पन्नास पावलांवर होडी बुडाली. मी सगळ्या देवांची नावं घेत हातपाय मारत होतो, तेव्हा शेजारून अगदी शांत आवाज आला, 'उभे राहा. पाणी कमरेइतकंच आहे.'

उभा राहिलो. पाण्याखाली पडलेल्या कुठल्याशा पत्र्याने अंगठा फाडला होता. काठावर हसू एवढं उसळलं की खाण बंद पडल्यापासून गाव पहिल्यांदाच हसत असावं. बाईंनी ओल्या साडीनिशी दवाखाना उघडला, डबे बाहेर काढायला लावले आणि मला चार टाके घातले. मी लंगडत बाहेर पडलो तर दारात खाणीतला ड्रिलवाला उभा. चिरडलेलं बोट त्याने एकोणीस दिवस फडक्यात लपवलं होतं. त्याच्यामागे मेसचा आचारी, त्याच्यामागे खोकणारं पोर घेतलेली फिटरची बायको. दिवस मावळेपर्यंत रांग संपली नाही, आणि बाईंनी फुल्या मारायचं सोडलं.

शेवटी त्यांनी पत्रकातली शेवटची ओळ काढली : 'शाळेत अनुभवी शिक्षिका.' त्यांना आठ वर्षांची मुलगी आहे, सध्या आजोळी. 'शिक्षिका कुठे आहेत?' शिक्षिका चार महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेल्यात, आत्या. पण पाठीमागे मॅनेजर उभे, ड्रिलवाला उभा, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. तोंडून निघून गेलं, 'पुढच्या लाँचने येताहेत.' 'कोण?' 'माझी आत्या. छत्तीस वर्षं शिकवलंय तिने.' त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या. परवापासून खाण सुरू आहे.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
भाचा

ता. क. : लाँच बुधवारी सुटते. तुझी जागा धरली आहे. शाळेच्या खोलीला चुना लावून झाला. फळा ड्रिलवाल्याने एका हाताने रंगवला. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव.

दुसरा ता. क. : पट्टी बदलायला गेलो तेव्हा पत्र टेबलावर राहिलं आणि बाईंनी ते वाचलं. खालचा मजकूर त्यांचा आहे, मी अडवू शकलो नाही.

'आत्याबाई, तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, हे मला यांच्या चेहऱ्यावरून त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी मुलीला आणते आहे. तुम्ही नाही आलात तर मीच शिकवीन तिला. पण मला भागाकार नीट येत नाही.'