मागं वळलेला गडी

१८ जुलै, शुक्रवार

तो मागं वळला. पडद्यावर, माझ्या डोळ्यांसमोर. सोलापूरचा जवान टेलिफोनची तार टाकून पळत सुटला आणि पाठीत गोळी लागून मेला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

आरोही माझा हात धरून बसली होती. तिनं आपला हात हळूच काढून घेतला. हे गेले तेव्हा ती दीड वर्षाची. बापाला बघायला म्हणून आली होती.

नागनाथभाऊ वर्षभर सांगत होते — "ताई, उदयसिंहाचाच सिनेमा हाय म्हणा की." ते आणि हे, दोघंही लष्कराच्या सिग्नलमधले लाइनमन. तोफगोळ्यानं तार तुटली की ती हातानं चाचपत डोंगर चढायचा, तुटलेली जागा शोधायची, जोडायची. एरवी युद्धाच्या सिनेमात फोनवाला कोपऱ्यात असतो. 'हॅलो, हॅलो' म्हणतो आणि मध्यंतराआधी मरतो. पहिल्यांदाच कुणीतरी ह्यांच्या कामावर सिनेमा काढला, म्हणून मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते! वेळापूरलाही, ह्यांच्या गावी, सगळ्यांना माहीत — आपल्या उदयसिंहावर सिनेमा येतोय.

सव्वीस वर्षं एकच गोष्ट ऐकत आले. वरच्या चौकीची तार तुटली. दोघं मिळून गेले. तार जोडली, निरोप गेला. परतताना गोळा पडला, हे गेले, नागनाथभाऊ वाचले. ही गोष्ट मला सांगणारा माणूस एकच. सिनेमावाल्यांना सांगणाराही तोच.

आणि आता पडद्यावर जो वाचला तो शूर. जो मेला तो पळपुटा.

१९ जुलै, शनिवार

नागनाथभाऊंना सहा वेळा फोन केला. उचलत नाहीत.

२२ जुलै, मंगळवार

शेजारच्या बसम्मांनी जिन्यात गाठलं. "सिनेमातला तो... तुमचेच काय हो?" मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि आत आले. गॅसवर काहीच नव्हतं.

दुपारी वेळापूरच्या शाळेचा फोन. ह्यांची शाळा. दर पंधरा ऑगस्टला मला बोलावतात, ह्यांच्या फोटोला हार घालायला. हेडमास्तर चाचरत बोलत होते. "मॅडम, यंदा कार्यक्रम जरा छोटा ठेवतोय. पोरं सिनेमा बघून आलीत, काहीबाही विचारतात. तुम्हालाच अवघड वाटायचं."

मी 'बरं' म्हणाले. भांडायला हवं होतं. नुसतं 'बरं' म्हणाले.

२७ जुलै, रविवार

एसटीनं मोडनिंबला गेले. दारात चांगुणावहिनी, नागनाथभाऊंची बायको. "न्हाईत घरात. टेंभुर्णीला गेल्यात."

आतून खोकला ऐकू आला.

तो खोकला मला ओळखू येणार नाही? आरोही तापानं फणफणली तेव्हा, माझं ऑपरेशन झालं तेव्हा, हाच माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्र-रात्र खोकत बसला होता. सख्खा भाऊ आला नसता एवढं आला. ते सगळं काय होतं मग? माया, की त्यांनी सांगितलेली गोष्ट मी कधी तपासू नये म्हणून?

वहिनींनी मान खाली घातली. पाण्याचा तांब्या पुढं केला. मी घेतला नाही.

३० जुलै, बुधवार

आरोही म्हणाली, "आई, बाबा असे नव्हते ना?" मी नाही म्हणाले. पण लगेच नाही. जरा थांबून.

३ ऑगस्ट, रविवार

नागनाथभाऊ आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. टोपी हातात, दाढी वाढलेली.

"ताई, एक गडी मागं वळला हुता. त्ये खरं हाय."

माझा हात दाराच्या कडीवर गेला.

"पर—"

"पण काय? ते उत्तर द्यायला येणार नाहीत म्हणून माझ्या दारात येऊन हे सांगता?"

"ताई, ऐकून तरी घ्या..."

मी दार लावलं. बऱ्याच वेळानं जिन्यावरून पावलं उतरताना ऐकू आली.

११ ऑगस्ट, सोमवार

हेडमास्तरांचा फोन.

नागनाथभाऊ आज सकाळी वेळापूरला गेले. प्रार्थना संपल्यावर सगळ्या पोरांसमोर उभे राहिले. म्हणाले, "मागं वळलेला गडी मी हाय. दगडाआड बसून ऱ्हायलो. उदयसिंह एकला वर गेला. तार त्यानं जोडली, आन् तितंच पडला. सिनेमावाल्यास्नी मी ह्येच सांगितलं हुतं. त्ये म्हणले, शूर माणूस शेवटी जगाया पायजे. म्हणून त्यास्नी त्याला जगवलं आन् मला मारलं. ताईस्नी सांगायला सव्वीस वर्षं मला तोंड नव्हतं."

"पंधराला याल ना, मॅडम?" हेडमास्तर विचारत होते.

तीन तारखेला दार लावल्यावर मी ह्यांचा फोटो भिंतीवरून काढला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. त्या दिवशी ते इथं लिहिलं नव्हतं.