उपवासकाळाचा तिसरा दिवस

प्रिय रोनी,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. तुमच्या हिद्दच्या कामगारांच्या कॅम्पात बायकांना वर सोडत नाहीत, नाहीतर तुझा कान धरूनच बोलले असते. जयप्रकाशच्या हाती हे पाठवते आहे. तुझ्या खोलीत तेवढाच एक शहाणा माणूस आहे. डब्यात बांगड्याचं कालवण आहे, जाईल तेवढं खा.

सकाळी चर्चमध्ये मिस्सात तू माझ्या पुढच्या बाकावर होतास. एवढ्या एसीत तुझी मान घामाने निथळत होती, हातातलं गीतांचं पुस्तक थरथरत होतं. नंतर गाडीत बसवून दंडाला प्रेशर मोजायचा पट्टा बांधला, तर वरचा आकडा एकशे नव्वद! आणि तू हसलास. उपवास सुरू झाला त्या राखेच्या बुधवारपासून दारूचा थेंब घेतला नाही, हे दुखणं येशूला अर्पण, म्हणालास. वर खलास, विषय संपला, म्हणून दार आपटून गेलास. दरवर्षी तुझं हेच. ईस्टरला पुन्हा बाटली उघडायची आणि मधले चाळीस दिवस दाखवून सांगायचं, बघ, मी कुठे दारुडा आहे?

अरे बाबा, तुझी बहीण नर्स आहे, जरा ऐकशील? इतकी वर्षं रोज पिऊन शरीराचा प्रेशरवरचा ताबा सुटत जातो. रक्तवाहिन्या आखडतात, मूत्रपिंडं मीठपाणी धरून ठेवतात. दारू मेंदूला दाबत असते, म्हणून मेंदूही उलट जोर लावत राहतो. दोघांनी दोन बाजूंनी दार ढकलावं आणि एकाने अचानक अंग काढून घ्यावं, तसं तू बुधवारी केलंस. आता तो सगळा जोर उसळला आहे. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. यात फिट येते, डोक्यात रक्तस्राव होतो. पुन्हा पी असं मी म्हणत नाही, मेल्या. सोडच. पण हॉस्पिटलात, औषधं घेऊन, डॉक्टरच्या नजरेखाली सोड.

आपले पपा आठवतात का? तू लहान होतास. तेही राखेच्या बुधवारी सोडायचे, आणि सगळी आळी त्यांचं कौतुक करायची. गेले त्या वर्षी तिसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, केळीच्या वाडीत कोसळले. हात असेच थरथरत होते, मम्मीने लिंबूपाणी दिलं होतं. उपवासकाळात गेले, पुण्यवान माणूस, असं सगळे म्हणाले. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले. आज तुझा आकडा बघितला आणि पपा कशाने गेले ते उमगलं, रोनी. मला फार भीती वाटते आहे.

उद्या तुझी सकाळची शिफ्ट आहे. त्या क्रेनच्या उंच केबिनमध्ये तू एकटा, खाली माणसं. मी तुला चढू देणार नाही. फादरांना विचारून आले. ते म्हणाले, औषध घेतल्याने नवस मोडत नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांशी बोलले आहे, ते वाट बघताहेत. मी खाली गेटपाशी गाडीत बसले आहे. रागावलास तरी चालेल, शिव्या दे, पण चपला घाल आणि जयप्रकाशचा हात धरून जिना उतर. एकटा उतरू नकोस.

गेटकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच हॅझेल